मामांचा कडता

नुसत्या नजरेनं माणसाचं वजन किलोपर्यंत अचूक सांगणारा माणूस लातूरपासून नांदेडपर्यंत एकच आहे, आणि स्वतःचं वजन किती हे ज्याला अजिबात ठाऊक नाही असा माणूसही माझ्या माहितीत तोच एक. ते म्हणजे आमच्या डाळमिलच्या वजनकाट्यावरचे मामा. त्यांना खरं नाव आहे, मिलच्या हजेरीपटावर ते असतंही, पण मालकांपासून ते लोह्याहून तूर घेऊन येणाऱ्या ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. एकदा त्यांच्या खऱ्या नावानं टपाल आलं, तर 'या नावाचं इथं कोणी नाही' म्हणून आम्ही पोस्टमनला परत पाठवलं. परत पाठवणाऱ्यांत मामा स्वतः होते.

काट्याची केबिन म्हणजे पत्र्याखालची एक छोटी खोली. खिडकीसमोर जमिनीत बसवलेला लांबलचक काटा, त्यावर ट्रक येऊन उभा राहतो, आणि आत मामांच्या पुढ्यात लाल आकडे पेटतात. मी शेजारच्या टेबलावर गेटपास लिहितो, त्यामुळे गेली अठरा वर्षं मामा माझ्या डाव्या हाताला आहेत. ते सकाळी नऊला औशाच्या बसनं येतात आणि खुर्चीत बसतात ते संध्याकाळी सहाला उठतात. मधे जे काही चालायचं असेल ते ट्रकनं चालावं, असं त्यांचं मत. ज्या ड्रायव्हरची गाडी काट्यावर, त्यानं मामांना चहा पाजायचा, हा आमच्या मिलचा रिवाज आहे. हंगामात दिवसाला पंधरा गाड्या आल्या तर पंधरा चहा, आणि तेही असे, की कपाच्या तळाला साखर चमच्यानं खरवडून खावी लागे. मी एकदा भीत भीत विषय काढला, तर मामा म्हणाले, "भाऊ, ह्यो च्या मी पितो व्हय? ह्यो गाडी पिती. मी निस्ता तोंड देतो." डाव्या गालात तंबाखू असे. डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असे, पण तो डबा एकटा पडू नये म्हणून गेटवरून भजी मागवली जात, आणि भज्यांना सोबत म्हणून पापड.

त्यांच्या नजरेचे किस्से आमच्या मिलमध्ये पोथीसारखे सांगितले जातात. नवे मॅनेजर रुजू झाले त्या दिवशी मामांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नमस्काराच्या जागी म्हणाले, "एकोणऐंशी. बूट काढून." मॅनेजर पुण्याचे, त्यांना राग आला. रविवारी ते जिममध्ये जाऊन काट्यावर उभे राहिले आणि सोमवारी येऊन मामांना चहा पाजला. मुरुडला एका लग्नात मामा माझ्या शेजारी बसले होते. नवरदेव बोहल्यावर चढला, तसे ते कानाशी लागले, "भाऊ, साखरपुड्याला ह्यो चौसष्ट व्हता. आज सदुसष्ट हाय. निस्ती हळद एवढी बसत न्हाई." मला अक्षता टाकतानाही हसू आवरेना, आणि मुलीकडच्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

पण मामांना खरं समजून घ्यायचं तर कडता समजला पाहिजे. धान्य मोजताना बारदानाचं म्हणजे पोत्याचं वजन, ओल, माती, काडीकचरा यांच्या नावानं मापातून जे कापतात, त्याला आमच्याकडे कडता म्हणतात. बाजारात यावरून बाप-लेकात भांडणं होतात. मामांनी तीस वर्षं काट्यावर काढलेली, तेव्हा त्यांची एक श्रद्धाच होऊन बसली, की जगातला कोणताही आकडा दिसतो तेवढा खरा नसतो. त्यात थोडी ओल असते, थोडी माती असते, ती वजा केली की राहील तो खरा. एप्रिलात पेपरात त्रेचाळीस डिग्री छापून आलं, की मामा म्हणत, "त्यातला एक पत्र्याचा हाय." त्यांचं वय सत्तावन्न, पण त्यातली दोन वर्षं लहानपणी हिवतापात गेली, ती धरायची नाहीत. औशाची बस अर्धा तास उशिरा आली, तर त्यातली दहा मिनिटं ते रेल्वे फाटकाला देत आणि उरलेल्या वीस मिनिटांसाठीच ड्रायव्हरशी भांडत. न्यायबुद्धी अशी की विचारू नका.

चार वर्षांपूर्वी मालकांच्या डोक्यात आलं, की कामगारांच्या तब्येतीची तपासणी करावी. मिलच्या माडीवर टेबलं मांडली गेली आणि एक तरुण डॉक्टरीणबाई टेप, वजनाचा काटा, बीपीचं मशीन आणि साखर तपासायच्या सुया घेऊन आल्या. आधी त्यांनी भाषण केलं. दिवसभर बसून काम, तंबाखू, मीठ, चहातली साखर, पोटाचा घेर, असं एकेक सांगत गेल्या आणि आम्ही एकेकजण पोट आत ओढत गेलो. शेवटी म्हणाल्या, "अचानक तोंड वाकडं झालं, एक हात वर जाईना, जीभ जड झाली, तर माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा. नाही जमलं तर वाट बघू नका, लगेच निघा." मागून मामा बोलले, "बाई, मालक आले की आमची समद्यांचीच तोंडं वाकडी व्हतेत." माडी हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या, हे त्यांचं मोठेपण.

मामांचा नंबर आला तेव्हा त्यांनी वजनाचा तो छोटासा काटा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाई, ह्याच्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का कुठंय?" शिक्का नव्हता. बिनशिक्क्याच्या काट्यावर पाय ठेवणं त्यांच्या धर्मात बसेना. मग डॉक्टरीणबाईंनी बीपीचा पट्टा पुढे केला, तर मामांनी बाही खाली ओढली आणि म्हणाले, "काटा काट्यावर चढत न्हाई." आणि जिना उतरून खाली आपल्या केबिनमध्ये जाऊन बसले.

तिथेच ते सुरू झालं. आमचा वॉचमन हातात चिठ्ठी घेऊन रडवेला होऊन खाली आला. त्याचं वरचं बीपी एकशे पन्नास निघालं होतं. मामांनी चिठ्ठी उजेडात धरली.

"जिना चढून गेलतास का?"

"गेलतो."

"दहा वजा. बाईला बगून भेव वाटलं?"

"जरासक."

"दहा. रातची ड्युटी व्हती, त्याचे पाच. राहिले एकशे पंचवीस. जा, च्या पी."

वॉचमनच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती मी अजून विसरलेलो नाही. तासाभरात केबिनसमोर रांग लागली. हमालांचा मुकादम उपाशीपोटी एकशे नव्वद साखर घेऊन आला, तर मामांनी विचारलं, "काल पंगत व्हती न्हवं?" पंगत परवा होती, पण मामांनी तीही धरली. "ते पंगतीचं हाय, तुजं न्हाई," म्हणून त्याला मोकळा केला. मशीनवरच्या पोराच्या बापाची साखर, ड्रायव्हरांचं बीपी, मालकांच्या स्वयंपाकिणीचं कोलेस्टेरॉल, सगळं मामांच्या खिडकीवर येऊ लागलं आणि रास्त होऊन परत जाऊ लागलं. पुढे पुढे नांदेडहून येणारे ड्रायव्हर तिथल्या डॉक्टरांचे रिपोर्ट दप्तरात घालून आणत, आधी गाडी काट्यावर चढवत आणि मग रिपोर्ट. मामा कुणाकडून एक पैसा घेत नसत. घाबरलेला माणूस त्यांना बघवतच नसे. तीस वर्षं शेतकऱ्याच्या मालातून कापत आलेला हा माणूस, बहुतेक कुठेतरी भरपाई करत होता, असं मला आता वाटतं.

आता माझं सांगतो. माझं त्या दिवशी एकशे अडुसष्ट आणि एकशे चार निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाल्या, चालायला जा म्हणाल्या. मी बी. कॉम. झालेला माणूस. रक्तदाबात बारदान नसतं हे मला चांगलं कळत होतं. पण मामांनी चिठ्ठी घेतली, माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमचं बसून काम. गेटपास जुळंना की डोस्कं तापतं, त्याचे वीस. जिन्याचे दहा. वहिनी माहेरी गेल्यात, हाटेलात जेवायलाव, त्याचे आठ. राहिले एकशे तीस. खामखा भेव घालायलेत लोकायला." मी दोन वर्षं गोळी घेतली, ती बायको समोर उभी राहून देत होती म्हणून. मग ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा मी गोळी सोडली. पुन्हा सुरू केली नाही, आणि तिला सांगितलंही नाही. दर काही महिन्यांनी कुठेतरी मोजायचं, चिठ्ठी मामांकडे न्यायची आणि एकशे तीस घेऊन घरी यायचं. फसवून घेण्यात जे सुख असतं ते मी भरपूर घेतलं. यात मामांचा दोष किती आणि माझा किती, याचा हिशेब मी कधी कुणाला करू दिला नाही.

गेल्या हंगामात एका सकाळी अकराच्या सुमारास लोह्याचा ट्रक काट्यावर होता. मी गेटपास लिहीत होतो आणि पेन हातातून खाली पडलं. उचललं, पुन्हा पडलं. ड्रायव्हरनं चहा आणला होता, तो पिताना ओठाच्या एका कोपऱ्यातून शर्टावर सांडला. मला स्वतःलाच गंमत वाटली. मामा लाल आकड्यांकडे बघत होते, ते वळले आणि माझ्याकडे पाहत राहिले. ज्या नजरेनं ते माणसाचं वजन सांगत, तीच नजर.

"भाऊ," ते म्हणाले, "हसा बरं."

मी हसलो, असं मला वाटलं.

"दोन्ही हात वर करा."

डावा वर गेला. उजवा टेबलावरच राहिला.

माडीवर मागच्या बाकावर बसून टिंगल करणाऱ्या माणसानं ते भाषण अक्षर न अक्षर ऐकलं होतं. मामा उठले. अकरा वाजता मामा खुर्चीतून उठलेले मिलनं पहिल्यांदाच पाहिले. भरलेला ट्रक काट्यावर तसाच उभा ठेवून, केबिन उघडी टाकून, त्यांनी मला खांद्याला धरून मॅनेजरांच्या गाडीत घातलं आणि स्वतः शेजारी बसले. दवाखान्यात नर्सनं पट्टा बांधला. दोनशे दहा आणि एकशे वीस. तिनं विचारलं, "धावपळ करत आणलंय का यांना? काही टेन्शन, भांडण वगैरे?" मी आडवा पडून मामांकडे बघत होतो. खरं सांगतो, त्या अवस्थेतही मला वाटत होतं, की हा माणूस आता काहीतरी वजा करील. "न्हाई ताई," ते म्हणाले, "जसं हाय तसं लिहा. काईच वजा करू नका."

वेळेवर पोचलो म्हणून वाचलो, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यानं घरी आलो. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तेवढी रुसून बसली, ती अजून पूर्ण वळत नाहीत. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मामा घरी आले. माझ्या बायकोला तोवर सगळं कळलं होतं. तिनं त्यांना आत बोलावलं नाही. दारातच म्हणाली, "मामा, तुमी आकडे कमी करून दिलेत. आता ह्यांची बोटं कुठून आणून देताव?" मी आतून म्हणालो, की चूक माझी आहे, पण तेव्हा माझा आवाज दारापर्यंत पोचत नव्हता. मामांनी हातातली पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि चपला पायात घालून निघून गेले. पिशवीत बीपीचं नवं मशीन होतं. पुढे मला कळलं, की औशाच्या मेडिकलवाल्याकडे त्यांनी त्यावरही शिक्का मागितला होता. तो नाही म्हणाला, तरी मामांनी ते घेतलं.

मी कामावर परतलो त्या दिवसापासून रोज अकरा वाजता मामा माझं बीपी मोजतात. आधी मला पाच मिनिटं गप्प बसवतात, अगदी गाडी काट्यावर असली तरी. "डॉक्टरीणबायला फोन करून इचारलं," त्यांनी मला सांगितलं. "त्या म्हणल्या, पाच मिनटं गपगार बसवा, मग मोजा. म्हंजी कडता आधी कापायचा भाऊ. मोजल्यावर न्हाई. मी उलटं करायलो व्हतो." मग पट्टा बांधतात, आकडा मोठ्यानं वाचतात आणि वहीत लिहितात. मी मुद्दाम खोड्या काढतो. म्हणतो, "मामा, आज घरी भांडण झालं," किंवा "आज रिक्षा मिळाली नाही, चालत आलो." मामा मान खाली घालून लिहीत असतात. ड्रायव्हर लोक अजून रिपोर्ट घेऊन येतात, तर त्यांना ते नुसतं "गोळी घे" म्हणतात, आणि लोक नाराज होऊन जातात. एक जण तर म्हणाला, "मामा, तुमचा काटा बिघडलाय." मामांनी ऐकून घेतलं.

पण स्वतःची बाही काही ते वर करत नव्हते. चहा पंधराचे सहा झाले, त्यातली साखर गेली, भजी बंद झाली, पण पट्टा समोर केला की पुन्हा तेच, काटा काट्यावर चढत नाही. मान दुखते म्हणून सारखी चोळत, जिन्यावर दोनदा थांबत, आणि मी विचारलं की बसच्या सीटला दोष देत. शेवटी माझ्या बायकोनंच मला युक्ती सांगितली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामांनी मशीन काढलं आणि मी हात मागे घेतला. म्हणालो, "आधी तुमचं. तुम्ही मोजल्याशिवाय मी मोजणार नाही."

मामा हसले. दुसऱ्या दिवशी रागावले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला फोन करून माझी तक्रार केली, तर ती म्हणाली, "बरोबर करायलेत." पाचव्या दिवसापासून त्यांचं कामात लक्ष लागेना. एका ट्रकचं वजन दोनदा घेतलं. माझ्या चेहऱ्याकडे, हाताकडे, चहाच्या कपाकडे चोरून बघत, सारखं "हसा बरं" म्हणत. वहीत माझ्या आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा पडत होत्या आणि त्या रेघा त्यांना सोसत नव्हत्या. नवव्या दिवशी अकरा वाजता एक गाडी काट्यावरून उतरली. मामा गेटपाशी जाऊन आले, दार लावलं, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि उजव्या हाताची बाही कोपराच्या वर गुंडाळली. दंडावर बाहीच्या खालची कातडी इतकी गोरी होती की ती कुण्या दुसऱ्याची वाटावी.

आम्ही पाच मिनिटं गप्प बसलो. मग मी पट्टा बांधला. माझी दोन बोटं वळत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. मामा भिंतीकडे बघत होते. मशीन घुरघुरलं, फुगलं, सैल झालं, आणि आकडा आला. एकशे चौऱ्याऐंशी, एकशे दहा.

मामांनी आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर ओळखली. चिठ्ठ्या घेऊन खिडकीशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाची तीच नजर असायची, माझीही. इतकी वर्षं या माणसानं साऱ्या मिलला कडता दिला, पण त्याला द्यायला कोणीच नव्हतं. माझ्या मनात भराभर सगळं येऊन गेलं. औशाची बस उभ्यानं आली असेल, त्याचे पाच. गेटपर्यंत चालून आले, त्याचे पाच. नऊ दिवस माझी काळजी केली, त्याचे तर वीस सहज. मला त्या क्षणी जगातलं काहीही वजा करून त्यांना एकशे तीस द्यायचं होतं. मी वही ओढली आणि माझ्या नावाखाली त्यांचं खरं नाव लिहिलं. ते आठवायला मला थोडा वेळ लागला. पुढे आकडा लिहिला, जसा होता तसा.

बाहेर एका ट्रकनं हॉर्न दिला. मामा उठले, बाही खाली केली, बटण लावलं. दाराशी जाऊन थांबले.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमची गोळी जेवायच्या आधी का नंतर?"

"नाश्त्यानंतर," मी म्हणालो. "पण तुमची डॉक्टरीणबाई सांगतील. संध्याकाळी मी येतो सोबत."

"हाव," मामा म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले.

आता अकरा वाजता वहीत दोन आकडे पडतात. दुपारी जेवण झालं की आम्ही दोघं मिलच्या आवारात चार फेऱ्या मारतो, मामा पुढे, मी मागे. परवा घरी आले तेव्हा बायकोनं त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा, आणि त्यांनी तो तोंड वाकडं न करता प्यायला. मला मात्र कधी कधी त्यांचा तो जुना आवाज आठवतो. परवा माझं जरा वाढलेलं निघालं, तेव्हा मी सवयीनं थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी आकडा लिहिला, वही मिटली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तो तसाच थोडा वेळ राहू दिला.